फोटोतला चौथा

मी अंधश्रद्धाळू नाही. मांजर आडवं गेलं तर मी मांजरालाच दटावते. शनिवारी तेल आणते, अमावास्येला नवी चप्पल घालते. पण तीन माणसांचा फोटो काढायचा नाही म्हणजे नाही! त्यावर माझ्याशी वाद घालू नका. माझी मुलगी कळायला लागल्यापासून घालते आहे आणि दर वेळी हरते आहे.

आता घरात माणसंच तीन असली तर काय करायचं? मी, आमची रेणू आणि आमचे हे. ह्यांचं नाव आबासाहेब. नाव घेतेय, कारण घेतल्याशिवाय गोष्ट पुढे सरकायची नाही. तर आमच्या अंबरपेठच्या घरात चार अल्बम आहेत, आणि त्यांत फक्त तिघांचा असा एकही फोटो नाही. चौथं कुणीतरी हवंच. रेणू पहिल्यांदा शाळेत निघाली त्या फोटोत गॅसवाला आहे, सिलिंडरसकट. गोवळकोंड्याच्या फोटोत शेंगदाणेवाला आहे. पदवीच्या फोटोत कुणाची तरी मावशी आहे, कुणाची ते आजवर कळलेलं नाही. बाकी अकरा फोटोंत शेजारच्या भाग्यलक्ष्मीबाई आहेत. हाक मारली की बिचाऱ्या पिठाच्या हातांनी येतात, उभ्या राहतात आणि बरोबर वेळेला डोळे मिटतात. अकराच्या अकरा फोटोंत मिटलेले.

यंदा रेणूची बँकेत बढती झाली आणि बदली थेट शिलाँगला. पेढे मीच वाटले, आणि रात्री उशीत तोंड खुपसून रडले ती पण मीच. रविवारी दुपारचं विमान होतं. त्याआधी दहा दिवस ती म्हणाली, "आई, मला तिथे खोलीत लावायला एक फोटो पाहिजे. तू, अप्पा आणि मी. बस. आंटी नक्को, सिलिंडर नक्को."

"नाही."

"लॉजिक सांग ना मग."

"लॉजिक-बिजिक मला माहीत नाही. तिघांचा फोटो काढला की तिघांतलं एक जातं."

"कोण म्हणतं असं?"

"सगळे म्हणतात."

सगळे म्हणत असतील-नसतील. पण मी का म्हणते ते मी घरात कधी सांगितलं नव्हतं. तुम्हाला सांगते. मी नऊ वर्षांची होते. आम्ही तिघी बहिणी, पद्मावती मोठी, मी मधली आणि अनुराधा सहा वर्षांची. देगलूरच्या बाजारात फोटोवाला आला होता, मागे तळ्याचं चित्र रंगवलेला पडदा लावून. आत्या म्हणाली, तीन पोरींचा नको. वडील हसले आणि आम्हाला एका बाकावर बसवलं. त्याच हिवाळ्यात अनुराधा तापाने गेली. आणि तेराव्याला, मी पानं वाढत असताना, आत्या म्हणाली, "मी तेव्हाच म्हटलं होतं." बाकी सगळं विसरले, हे वाक्य नाही विसरले. तो फोटो माझ्या कपाटात शालूच्या घडीखाली आहे. लग्नात माहेरून आणलेल्या वस्तूंत ही एक कुणाला ठाऊक नव्हती.

आता सांगा, एकुलती एक पोर अडीच हजार किलोमीटर लांब चाललेली असताना मी कशाला विषाची परीक्षा घेऊ? फोटो मला नको होता असं नाही. मलाही हवा होता, तिच्याहून जास्त हवा होता. पण पोर आणि फोटो यांत मी पोर निवडणार.

रेणू फुरंगटून आत गेली. आमचे हे तेवढा वेळ आमच्याकडे पाठ करून माशाच्या टाकीपाशी उभे होते. चौतीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात नोकरी केली, निवृत्त झाले तरी पाण्याशेजारून हलत नाहीत. तिथूनच म्हणाले, "चौथा जीवच पाहिजे ना तुला? मग नवाब आहे की."

नवाब म्हणजे आमचा फ्लॉवरहॉर्न. वीतभर लांब, लालभडक, कपाळावर कांद्याएवढं टेंगूळ. टाकीत एकटाच राहतो, कारण दुसरा मासा सोडला की त्याला मारतो. ह्यांचं बोट काचेवर फिरलं की कुत्र्यासारखा मागे मागे फिरतो. माझ्याकडे मात्र अशा नजरेने बघतो जशी मी भाडेकरू आहे. सात वर्षं या घरात खातोय. मी विचार केला. खातो, रुसतो, ऐकत नाही. म्हणजे घरातलाच झाला.

"चालेल," मी म्हटलं. "पण नवाब नीट दिसला पाहिजे. शेपूट दिसून भागायचं नाही. तोंड दिसलं पाहिजे."

रेणू बाहेर येऊन माझ्या गळ्यातच पडली.

पण फोनने काही जमेना. टाकीच्या काचेत आमचाच हॉल दिसायचा, पंखा, कॅलेंडर, दोरीवरचे टॉवेल. फ्लॅश लावला तर काचेवर पांढरा डाग. फ्लॅश काढला तर आमची तोंडं काळी आणि नवाबाच्या जागी लाल फराटा. ह्यांनी जाहीर केलं, कॅमेरा घ्यायचा. पंचवीस हजारांच्या आत. मग चार दिवस हे गृहस्थ फोनवर कॅमेऱ्यांचे व्हिडिओ बघत बसले. जेवताना पण. वरणात बोट बुडवून मला म्हणतात कसे, "जयवंता, एक आहे, त्यात चंद्रावरचे खड्डे दिसतात."

"आपल्याला चंद्र काढायचाय की मासा?"

"दोन्ही काढता येतील."

"आधी वरणातलं बोट काढा."

गुरुवारी सकाळी आम्ही तिघं नारायणगुड्याला निघालो. ह्यांच्या एका जुन्या सोबत्याने वाजिदभाईंचं दुकान सांगितलं होतं, नवे-जुने कॅमेरे विकतात आणि दुरुस्तही करतात. निघताना मी लोणच्याची रिकामी बरणी घासली, पाणी भरलं आणि बाल्कनीतल्या टबातून एक गप्पी मासा त्यात सोडला.

रेणूने कपाळाला हात लावला. "आई, प्लीज. दुकानात मासा?"

"बेगम बाजारात मी तांदूळ चावल्याशिवाय घेत नाही. तो दुकानदार म्हणेल मासा छान येतो, आणि मी ऐकून घेऊ? समोर काढून दाखवायचा."

रिक्षात प्रत्येक खड्ड्याला पाणी माझ्या मांडीवर. गप्पी बापडा शांत होता, कावरेबावरे आमचे हे झाले होते. "हळू चालवो भाई, बच्चा है," असं रिक्षावाल्याला म्हणाले. त्याने आरशातून रेणूकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि खरंच हळू चालवली.

वाजिदभाई पांढऱ्या दाढीचे, गळ्यात दोरीने बांधलेला चष्मा. मी बरणी काउंटरवर ठेवली. त्यांनी चष्मा चढवला.

"अम्मा, ये क्या है?"

"मॉडेल है," मी म्हटलं.

माणूस दर्दी. हसला नाही. वाकून बरणीत बघितलं आणि विचारलं, "फकत इसका फोटो होना, या आप लोगां का भी?"

"एकसाथ होना."

"हौ. तो मुश्किल है," ते म्हणाले आणि स्टूल ओढून बसले. मला तिथेच विश्वास वाटला. जो दुकानदार आधी मुश्कील म्हणतो त्याच्याकडून वस्तू घ्यावी.

ह्यांनी अर्थातच चंद्रवाला कॅमेरा मागितला. वाजिदभाईंनी दिला. सोंडेसारखी लेन्स बाहेर आली, ह्यांचे डोळे लहान पोरासारखे चमकले. समोरच्या इमारतीवरचं कबुतर काढलं, कबुतराची पापणीसुद्धा दिसली. मी म्हटलं, आता गप्पी. गप्पी काढला तर बरणीत नुसतं धुकं. लेन्स जेवढी लांब बघते तेवढा तिला उजेड जास्त लागतो, हे वाजिदभाईंनी समजावलं. दुसरा एक नवाकोरा, गुलाबी पट्ट्याचा, रेणूला आवडला. त्यात गप्पीच्या जागी डोळ्यांशिवाय एक रेघ आली.

मग त्यांनी खालच्या कपाटातून एक जुना काढला. कोपरे घासलेले, पकडीचं रबर झिजलेलं, आणि पुढे एक छोटी बुटकी लेन्स. झूम काहीच नाही. ह्यांचं तोंड उतरलं.

"साब, दिल छोटा नक्को करो," वाजिदभाई म्हणाले. "डब्बा पुराना है, आंख अच्छी है. अंधेरे में भी देखती."

दुकानातला मोठा दिवा त्यांनी मालवला. बरणीमागे छोटा दिवा धरला, काचेला जवळजवळ चिकटून कॅमेरा जरासा तिरका केला आणि दाबलं. मागच्या पडद्यावर गप्पी! शेपटीवरचे ठिपके, डोळा, तोंडाशी आलेला एवढासा बुडबुडा. अहो, दोन वर्षं मी त्या टबात कणीक टाकते, गप्पीच्या अंगावर निळा रंग असतो हे मला त्या दिवशी कळलं.

"हाच घ्या," मी म्हटलं.

"अब आप तीनों खडे रहो, फेस देखेंगे," वाजिदभाई म्हणाले. रेणू आणि हे उभे राहिले, आणि मी दोन पावलं मागे सरकले. "तीन नक्को!"

त्यांनी कॅमेरा खाली केला. मला वाटलं आता हसतील. ते म्हणाले, "हमारी अम्मी भी ऐसाच बोलते थे," आणि बरणी उचलून माझ्या हातात दिली. "लो. चार हो गए."

असा आमचा त्या कॅमेऱ्यातला पहिला फोटो निघाला. तिघं आणि गप्पी. पण रेणूला खोलीत लावायला आपल्या घरातलाच हवा होता. भाव मी केलाच, तो सांगत नाही, पण पट्टा आणि बॅग फुकट मिळवली. निघताना वाजिदभाईंनी ह्यांना चार गोष्टी बजावल्या. फ्लॅश लावायचा नाही. हॉलचे दिवे बंद, फक्त टाकीचा दिवा आणि बाजूची खिडकी. तोंडं काचेजवळ ठेवायची. आणि कॅमेऱ्याच्या मागे काळं कापड टांगायचं, म्हणजे काचेत हॉल दिसत नाही.

रविवारी सकाळी आठपासून आमच्याकडे तयारी. टाकीची काच ह्यांनी तीनदा पुसली. इस्त्रीच्या टेबलावर कुकरचं खोकं, खोक्यावर पोळपाट आणि पोळपाटावर कॅमेरा. काळं कापड घरात एकच, माझी संक्रांतीची चंद्रकळा. ती मागे दोरीवर टांगली. मी शेवाळी काठाची साडी नेसले, रेणूने केस धुतले, हे नवा शर्ट घालून टाकीशेजारी ताठ बसले. टायमर दहा सेकंदांचा. रेणूने बटण दाबलं, धावत आली, माझ्या शेजारी बसली. कॅमेरा टिकटिक करायला लागला.

आणि नवाबाने चंद्रकळा पाहिली.

सात वर्षांत या घरात त्याने एवढं मोठं काळं काही पाहिलं नव्हतं. अंग फुगवलं, गर्रकन वळला आणि मोठ्या दगडामागे जाऊन बसला. टिकटिक चालूच. नवाब नाही म्हणजे फ्रेममध्ये आम्ही तिघंच! मी उठून बाजूला उडी मारली. खट्.

"आई!"

"नवाब कुठाय? मी काय करू?"

पुन्हा लावला. ह्यांनी बोट फिरवलं, नवाब डोकावला, रेणू धावत आली, तो परत आत. मी परत बाहेर. असं किती वेळा व्हावं? तेरा वेळा! ह्यांनी दाणे टाकून पाहिले, रेणूने आरसा दाखवला, मी "नवाब, बेटा, राजा" सगळं म्हणून झालं. शेवटी ह्यांनी टाकीपुढे हात जोडले. तरी तो दगडामागून एक डोळा काढून बघत बसला. शेवटी रेणू जमिनीवर फतकल मारून बसली आणि कॅमेऱ्यातले फोटो एकेक करून बघायला लागली. आधी हसली. मी पण वाकून बघितलं आणि हसले. तेराही फोटोंत रेणू आणि तिचे अप्पा नीट बसलेले, आणि मी कुठे नुसता पदर, कुठे कोपर, कुठे पाठ, एकात तर फक्त एक पाय हवेत.

हसता हसता रेणूचा आवाज बदलला. "आई, यातला कुठला लावू मी तिथे? तिघांतलं एक जाईल म्हणतेस. बघ ना, सगळ्या फोटोंतून तूच निघून चाललीयेस."

माझं हसू तिथेच थांबलं. ती चिडली असती तर मी पण चिडले असते, त्यात मी पटाईत आहे. पण ती चिडली नव्हती. डोळ्यांत पाणी आणून कॅमेरा धरून बसली होती, सहा वर्षांची असल्यासारखी.

मी उठले, कपाट उघडलं, शालूखालून तो फोटो काढला आणि तिच्या हातात दिला. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. देगलूरचा बाजार, तळ्याचा पडदा, ताप, आत्याचं वाक्य. ह्यांना अनुराधाचं माहीत होतं, फोटोचं नव्हतं. ते जवळ आले, चष्मा काढून पुसला, परत घातला.

फोटो तळहाताएवढा, कडा पिवळ्या पडलेल्या. पद्मावती गंभीर, मी फोटोवाल्यावर रागावलेली, आणि अनुराधा खदखदा हसते आहे, वरचे दोन दात पडलेले. तिची एक रिबीन सुटली आहे. ती मीच ओढली होती, बाकावर बसता बसता.

रेणूने सुटलेल्या रिबिनीवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "मावशीचा दुसरा फोटो?"

"नाही. हा एकच."

"एकच?"

"तेव्हा कोण काढत होतं गं फोटो सारखे? हाच."

ती हळूच म्हणाली, "म्हणजे त्या दिवशी आजोबांनी आत्याचं ऐकलं असतं, तर..."

तिने फोटो माझ्यासमोर धरला. मला त्या पोरीचे पडलेले दात आठवतात, सुटलेली रिबीन आठवते. ते मला आठवतं की फोटोत आहे म्हणून आठवतं? अठ्ठेचाळीस वर्षं मी त्या कागदाला दोष देत आले, आणि दर दिवाळीला शालू काढायच्या निमित्ताने त्याच कागदावरून हात फिरवत आले. अगं बाई गं. ताप त्या फोटोने नव्हता आणला. त्या फोटोने अनुराधा तेवढी राखून ठेवली होती.

घड्याळाकडे बघत हे म्हणाले, "साडेअकरा झाले. सामान बांधायचंय अजून."

मी डोळे पुसले. "लाव तुझं ते मशीन."

"नवाब?" रेणू म्हणाली.

"गेला उडत. बसू दे दगडामागे."

तिने बटण दाबलं, धावत आली. टिकटिक सुरू झाली. खोटं कशाला बोलू, तिसऱ्या सेकंदाला माझे गुडघे आपोआप उचलले गेले. मी ते खाली दाबले. कुणी हात धरला नाही, कुणी पदर ओढला नाही. माझी मीच बसले. सहा, सात. मी श्वास धरून समोर बघत होते, आणि आठव्या सेकंदाला आमचे हे माझ्या कानाशी येऊन म्हणतात कसे, "भाग्यलक्ष्मीबाईंना हाक मारू का?"

खट्.

तिघंही हसताना. माझं तोंड एवढं उघडं की दाढेतली चांदी दिसते. रेणूचे डोळे ओले आणि चमकणारे. ह्यांचा चष्मा तिरका. मागे टाकीचं हिरवं पाणी, काचेत टॉवेल नाही, पंखा नाही, काही नाही. आणि नवाब नाही. त्याची शेपूटसुद्धा नाही. तिघं म्हणजे फक्त तिघं. मी छातीवर हात ठेवून वाट पाहिली, धस्स होतंय का. नाही झालं. उलट इतकं बरं वाटलं की मी रेणूला म्हटलं, आणखी दोन काढ.

तेवढ्यात नवाब दगडामागून निघाला, रुबाबात काचेपाशी आला आणि आमच्याकडे बघत उभा राहिला.

"आता कशाला आलास?" मी त्याला म्हटलं. "तुझं काम झालं."

रेणू गेली. विमानतळावर मी रडले, ते काही सांगण्यासारखं नाही, सगळ्याच रडतात. तिसऱ्या दिवशी तिने शिलाँगच्या खोलीतून व्हिडिओ कॉल केला आणि भिंत दाखवली. आम्ही तिघं तिथे हसत होतो, बाहेर पाऊस होता. तिची घरमालकीण विचारत होती म्हणे, तुझी आई कशाला एवढी हसतेय?

इकडे मी पण दोन फ्रेमा करून आणल्या. एकीत आम्ही तिघं, दुसरीत अनुराधाचा फोटो. दोन्ही हॉलमध्ये शेजारी शेजारी टांगल्या, टाकीच्या समोरच. आमचे हे खिळा मारताना विचारत होते, सरळ आहे का, आणि मी म्हणत होते, थोडं डावीकडे, आणि नवाब त्यांच्या हातोडीमागे फिरत होता.

संध्याकाळी भाग्यलक्ष्मीबाई आल्या. पिठाचे हात तसेच. भिंतीकडे बघितलं आणि थबकल्या. "अय्यो, तीनच? मला हाक मारायची की हो! मी घरीच होते." मग जवळ जाऊन बोटाने मोजलं. "इकडे तीन. तिकडे पण तीन?"

"हौ," मी म्हटलं. "आणि दोन्हींत मी आहे. अजून आहे. बसा, चहा टाकते."